मधलं बेट

किहेई, माउई
१६ नोव्हेंबर २००६

अहो,

आम्ही पोचलो. निमिषने सांगितलं असेलच. तरी लिहिते, कारण फोनवर तुम्ही "हं" म्हणता आणि मग मला नुसता आपला टीव्ही ऐकू येत राहतो.

उबोनहून बँकॉक, तिथून तोक्यो, मग होनोलुलू आणि शेवटी एका छोट्या विमानाने या बेटावर. होनोलुलूला आपल्या जावयाला, थाविनला, इमिग्रेशनवाल्यांनी बाजूच्या खोलीत नेलं. नवीन ग्रीन कार्डवाल्यांना नेतातच म्हणे. रुचा त्याच्याबरोबर गेली, मी सामानाशी बसले. दोघं बाहेर आली तेव्हा त्याच्या शर्टाची पाठ घामाने चिंब झाली होती आणि आत चांगला एसी होता.

इथल्या विमानतळाबाहेर फुलांच्या माळा घेऊन बायका उभ्या होत्या. एक हसत पुढे आली, तशी मी आपली मान वाकवली. तिने हातातला कागद पाहिला आणि विचारलं, "विच टूर आर यू विथ?" रुचा म्हणाली, "नो टूर." बाईने माळ परत दंडावर घेतली. माझी मान तशीच वाकलेली. रुचा इतकी हसली की तिला बाकावर बसावं लागलं. कित्येक महिन्यांनी ती अशी हसली, म्हणून मीही हसून घेतलं.

बेट सुंदर आहे, खोटं कशाला सांगू. समुद्र निळा म्हणजे किती निळा असावा! पण सगळं कुणीतरी रोज सकाळी पुसून ठेवल्यासारखं वाटतं. एका बाजूला हॉटेलं आणि गोल्फची हिरवळ, दुसऱ्या बाजूला वाळू. माडांना नारळच नाहीत. कुणाच्या डोक्यात पडू नयेत म्हणून आधीच काढून टाकतात. थाविन कितीतरी वेळ एका माडाकडे बघत उभा होता. मग रुचाला त्याने काहीतरी विचारलं. "तो विचारतोय, हे झाड आजारी आहे का," ती म्हणाली.

आठ महिने थायलंडमध्ये, थाविनच्या नोंग खाम गावात काढल्यावर माझे डोळेही बदललेत बहुतेक. तिथे अंघोळीला रांजणातलं गार पाणी, जेवायला वेताच्या टोपलीतला चिकट भात आणि बोलायला कुणी नाही. तरी थाविनच्या आईशी माझं छान जमलं. सगळं गाव तिला मे पान म्हणतं. मे म्हणजे आई. तिला माझी भाषा येत नाही, मला तिची. आम्ही दोघी जिन्यावर बसून शेंगा सोलायचो आणि आपापल्या भाषेत आपापल्या नवऱ्याबद्दल बोलायचो. तिचा वारलाय.

आम्ही निघालो तेव्हा धान पिवळंधमक झालं होतं. कापणी तोंडावर, आणि थाविन विळा भिंतीला अडकवून आमच्याबरोबर निघाला. मे पानने आम्हा तिघांच्या मनगटांना पांढरा दोरा बांधला. रुचाला बांधताना तिला फार वेळ लागला.

मिशिगनला आपल्या घरी का नाही, असं तुम्ही निमिषला विचारलंत म्हणे. रुचाचं म्हणणं, थाविन तिकडच्या बर्फात टिकणार नाही. आणि गावात राहायचं नव्हतं. "इट्स हाफवे, आई. इकडे माड, तिकडे इन्शुरन्स." तिला इथल्या एका क्लिनिकमध्ये डॉक्टरांच्या मदतनिसाची नोकरी मिळाली आहे. गावात का राहायचं नव्हतं, ते पुढे कधीतरी लिहीन.

ख्रिसमसपर्यंत येते.

नीलांबरी


किहेई
१० डिसेंबर २००६

अहो,

मी ख्रिसमसला येत नाही. आता कारण सांगायलाच हवं.

रुचाला सहावा महिना लागलाय.

थांबा, कागद खाली ठेवू नका. मार्चमध्ये मी तिच्याकडे गेले ते तिला डेंगी झाला म्हणून, असं तुम्हाला वाटतं. मीच तसं सांगितलं होतं. डेंगी नव्हता. सातव्या महिन्यात तिचं मूल गेलं. मुलगा होता. ब्लड प्रेशर एकदम चढलं, जिल्ह्याचं हॉस्पिटल दोन तासांवर, आणि वाटेतच सगळं संपलं. मी पोचले तेव्हा ती जमिनीवर चटईवर भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि मे पान तिच्या पायांना तेल लावत होती. 

तिने मला शपथ घातली. "बाबांना सांगायचं नाही. ही विल से आय टोल्ड यू सो." मी म्हटलं, ते असं कधीच म्हणणार नाहीत. पण मी तुम्हाला सांगितलं नाही, म्हणजे खात्री मलाही नव्हतीच.

म्हणून हे बेट. या वेळी मोठं हॉस्पिटल हाताशी हवं, एवढंच तिच्या डोक्यात आहे. तिच्या पायांना सूज आहे, पण प्रेशर गोळीने आटोक्यात आहे. रोज मोजतो.

थाविनला वाइलेयाच्या एका रिसॉर्टमध्ये काम मिळालंय. फुलाफुलांचा शर्ट घालून तो पूलपाशी छत्र्या उघडतो आणि टॉवेल वाटतो. लोकांना तो इथलाच वाटतो. "कासवं कुठे दिसतील?", "इथला खरा पदार्थ कुठला?" असं विचारतात. तो सगळ्यांना "येस" म्हणतो. परवा मी त्याचा डबा द्यायला गेले, ती आपली निळी सुती साडी नेसून. एक बाई धावत आली, माझ्या खांद्यावर हात ठेवून तिने फोटो काढून घेतला आणि विचारलं, "व्हॉट टाइम इज युवर शो?" मी म्हटलं, "ऑल डे." तिला विनोद कळला नाही. थाविनला कळला. तिथे कामावर हसताना मी त्याला पाहिलं ते तेवढंच.

घरी तो बोलत नाही. जेवतो, ताट घासतो, बाल्कनीत जाऊन बसतो. बाल्कनीतून पार्किंग लॉट दिसतो. रविवारी मे पानचा फोन येतो. कापणी शेजाऱ्यांनी उरकून दिली, पण तिचा हात मोडलाय. ते तिने सांगितलं नाही, तिच्या भाचीने सांगितलं.

मुलीला चार ओळी लिहा. इंग्लिशमध्ये लिहिल्या तरी चालतील.

नीलांबरी


किहेई
२१ जानेवारी २००७

अहो,

तुमचा निरोप निमिषने फोनवर वाचून दाखवला. "आई, माझ्यावर चिडू नकोस हं, मी फक्त सांगतोय," असं म्हणून. बाळंतपणाला रुचाने आपल्या घरी नोव्हायला यावं, एकटीने यावं, मूल सुखरूप झालं की बाकीचं बघू. बाकीचं म्हणजे काय? नवरा? त्याचं तुम्ही काय बघणार आहात?

रुचा सोफ्यावर पाय वर ठेवून बसली होती. मी काही सांगायच्या आधीच तिने ओळखलं. म्हणाली, "टेल हिम नो, आई." आणि सफरचंद चिरत राहिली. थाविन दारात होता. त्याला मराठी येत नाही, इंग्लिश बेताचं, पण 'नो' कुणालाही कळतं. आणि त्याच्या बायकोने ते कशाला म्हटलं, तेही कळलं असणार.

दुसऱ्या दिवशी तो कामावरून परत आला नाही.

रिसॉर्टवाल्यांनी त्याला दोन आठवड्यांपासून संध्याकाळच्या शोमध्ये घेतलं होतं. उघड्या अंगाने, मशाल घेऊन पळायचं आणि ओरडायचं. हे त्याने आम्हाला सांगितलं नव्हतं. मॅनेजर म्हणाला, तुमच्या माणसाने कपडे घडी करून बाकावर ठेवले आणि तो निघून गेला, आता परत पाठवू नका. रुचा फोन धरून बसली. प्रेशर मोजलं तर भलतंच वर. मी तिला झोपवलं आणि देवाचं नाव घेत बसले, दुसरं काय करणार? थाविन समुद्राला घाबरतो हे मला माहीत होतं. पण घाबरणारा माणूस काय करेल याचाही नेम नसतो.

सकाळी एका म्हाताऱ्या माणसाचा फोन आला. वाइहे म्हणून गाव आहे डोंगराच्या पलीकडे, तिथला. नाव सॉल. इथे वडीलधाऱ्यांना अंकल म्हणतात, आपल्या काकांसारखं. अंकल सॉल म्हणाला, तुमचा मुलगा माझ्याकडे आहे, जेवलाय, काळजी करू नका, पण तो निघायचं नाव घेत नाही.

रुचाने गाडी काढली. मी नको म्हणत होते. तिथे पोचलो आणि मी दारातच थबकले. अहो, अळू! डोंगरातून पाणी वळवून आणलेलं, बांध घातलेले, गुडघाभर चिखल आणि त्यात हे एवढाल्या पानांचं अळू, रांगाच्या रांगा. हॉटेलांपासून पाऊण तासावर असं काही असेल हे कुणी सांगितलं नव्हतं. थाविन चिखलात उभा होता. वाकून, पाय फाकवून, डावा हात मांडीवर टेकवून तो कंद रोवत होता आणि एकेक पाऊल मागे सरत होता.

मला मामंजी दिसले.

लग्नानंतर तुम्ही मला एकदाच साकोलीला, तुमच्या गावी नेलंत. भाताची रोवणी चालू होती. मामंजी बांधीतल्या चिखलात होते, असेच वाकलेले, आणि तुम्ही बांधावर बूट घालून उभे होता. त्यांनी हाक मारली तरी उतरला नाहीत. परत येताना बसमध्ये म्हणालात, "इथे पुन्हा यायचं नाही." मी पुण्याची, मला वाटलं माझी गैरसोय झाली म्हणून म्हणताय. इतकी वर्षं तसंच वाटत होतं. रुचाने मेडिकल सोडून त्या गावात घर केलं तेव्हा तुम्ही जेवण टाकलंत, तिचं नाव घरात घ्यायचं नाही म्हणालात, तेव्हाही कळलं नाही. त्या बांधावर कळलं. तुम्हाला जावई नको आहे असं नाही. तुम्हाला तो चिखल नको आहे.

रुचा बांधावर उभी राहून त्याच्यावर थाई भाषेत ओरडत होती, एक हात कमरेवर, एक पोटावर. तो ऐकून घेत होता. शेवटी हळूच काहीतरी बोलला आणि तिने कमरेवरचा हात खाली घेतला. तिघं परतताना गाडीत मी विचारलं, काय म्हणाला? "तो म्हणाला, मी पळून नाही आलो. बस इथे थांबली आणि मला ओल्या मातीचा वास आला."

नोकरी गेली. अंकल सॉल हंगामापुरतं ठेवतो म्हणतोय. रुचा म्हणते, त्यात इन्शुरन्स नाही, भविष्य नाही, काही नाही. ती चिडली की अगदी तुमच्यासारखी बोलते.

नीलांबरी


होनोलुलू
८ फेब्रुवारी २००७

अहो,

काल फोनवर मी काय काय बोलले मला आठवत नाही, म्हणून नीट लिहिते.

मंगळवारी सकाळी रुचाला डोळ्यांपुढे ठिणग्या दिसायला लागल्या. माउईच्या हॉस्पिटलने तपासलं आणि लगेच रुग्णवाहिकेच्या विमानाने होनोलुलूला हलवलं. बरोबर कुणालाही नेलं नाही, जागा नव्हती. थाविन आणि मी पुढच्या साध्या विमानाने निघालो. विमान सुट्टीवरून परतणाऱ्या लोकांनी भरलेलं. गळ्यात माळा, हातात अननसाच्या पेट्या. आमच्या हातात रुचाच्या चपला होत्या. स्ट्रेचरवरून पडलेल्या, थाविनने उचलून आणलेल्या.

त्याने माझ्याकडे न बघता विचारलं, "आई. रुचा डाय?"

"गप," मी म्हटलं. "नो डाय."

"लास्ट टाइम आय ड्राइव्ह. ट्रक. आय ड्राइव्ह स्लो. रोड बॅड, सो आय ड्राइव्ह स्लो." मग त्याने कपाळ पुढच्या सीटला टेकवलं.

वर्षभर हा माणूस हे उरात घेऊन हिंडत होता, अहो. रस्ता वाईट, तिला धक्के बसू नयेत म्हणून त्याने गाडी हळू चालवली आणि उशीर झाला. मला त्याच्या भाषेत काही म्हणता येईना. मी त्याचा हात घट्ट धरला आणि विमान उतरेपर्यंत मराठीतच बोलत राहिले. तुझी चूक नाही रे बाळा, तुझी चूक नाही. त्याला काय समजलं कोण जाणे. त्याने हात सोडवला नाही.

आम्ही पोचलो तोवर सिझेरियन झालं होतं. मुलगी आहे. सात आठवडे आधी आली. काचेच्या पेटीत आहे, छातीवर तारा लावल्यात, पण श्वास स्वतःचा स्वतः घेते. रुचाला अजून ग्लानी आहे. प्रेशर उतरतंय, पण सावकाश. डॉक्टर अजून पूर्ण हमी देत नाहीत.

हे सगळं मी तुम्हाला फोनवर सांगितलं आणि तुम्ही काही बोलला नाहीत. पण फोनही ठेवला नाहीत. टीव्हीचाही आवाज नव्हता. मी तेवढ्यावर आहे सध्या.

नीलांबरी


होनोलुलू
१ मार्च २००७

अहो,

तुम्ही घरी पोचायच्या आधी किंवा नंतर हे पत्र तिथे येईल. चार दिवस समोरासमोर असून आपण बोललो नाही, ते लिहायला बसले आहे.

तुम्ही आलात. दोन आठवडे लागले, पण आलात. निमिषने ते वायकीकीचं हॉटेल बुक केलं आणि तुम्ही सूटकेस ओढत, स्वेटर काखोटीला मारून, त्या पोहायच्या कपड्यांतल्या गर्दीतून चालत आलात, तेव्हा मला रडू आलं. हसूही आलं.

रुचा खुर्चीत बसली होती. "बाबा. यू केम," ती म्हणाली. आणि तुम्ही विचारलंत, "आता प्रेशर किती आहे?" तिने आकडा सांगितला. तुम्ही मान हलवलीत. बाप-लेकीचं तेवढंच झालं.

बाळाच्या पेटीपाशी तुम्ही नर्सला किती प्रश्न विचारलेत! तापमान कुठे मोजतात, अलार्म कितीवर वाजतो, वीज गेली तर काय. तिला वाटलं तुम्ही तपासायला आलात. मला माहीत होतं की तुम्हाला असंच प्रेम करता येतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात तेव्हा थाविन शर्ट काढून बसला होता आणि बाळ त्याच्या उघड्या छातीवर झोपलं होतं. असं ठेवलं की वजन वाढतं म्हणतात. त्याच्या छातीवर ती गोंदलेली मंत्राक्षरं, त्यांवर तिचं एवढंसं डोकं. तुम्ही दारातून परत फिरलात. मी बाहेर आले तर तुम्ही खिडकीशी उभे. म्हणालात, "जागा लहान आहे." जागा चांगली मोठी होती.

मग ते कॅन्टीनमधलं. तुम्ही तयारी करून आला होता. सगळे नोव्हायला चला, त्यालाही आणा, माझ्या प्लँटच्या स्टोअरमध्ये मी शब्द टाकतो, आपलं तळघर रिकामंच आहे. तुमच्यासाठी हे किती होतं ते मी जाणते. कुणाकडे शब्द टाकायचा नाही म्हणून तुम्ही निमिषसाठीसुद्धा कधी कुणाला विचारलं नाहीत. थाविनने रुचाकडून सगळं ऐकून घेतलं, हात जोडले आणि इंग्लिशमध्ये म्हणाला, "थँक यू, फादर. बट आय हॅव फील्ड नाऊ."

अंकल सॉलने त्याला वर्षभराचं काम दिलंय. रुचा आधी नाहीच म्हणत होती. परवा म्हणाली, क्लिनिकचा इन्शुरन्स आहे तोवर भागेल, त्याचा चेहरा तरी परत आला. त्यांचं भागेल की नाही मला खरंच ठाऊक नाही. इथे घरभाडी फार, आणि मे पान तिकडे एकटी. त्यावरून दोघांचं आत्ताच वाजायला लागलंय.

पण तुम्ही तेव्हा टेबलावरून उठलात आणि मराठीत म्हणालात, "त्या चिखलातून पाय काढायला माझा जन्म गेला. आणि माझी मुलगी परत तिथेच चाललीये." थाविनने विचारलं, फादर काय म्हणाले?  रुचाने तुमची खुर्ची आत सरकवली.

एवढं सगळं मी गिळलं असतं. खरंच. तुमच्याकडे परत यायची माझी तयारी होती, बाळ घरी आलं की एप्रिलमध्ये. तिकिटाचं निमिषशी बोलणंही झालं होतं.

पण विमानतळावर काय झालं ते तुम्हाला आठवतंय ना? थाविनने तुमची बॅग बसमधून आणली, तुम्हाला उचलू दिली नाही. रांगेपाशी त्याने ती खाली ठेवली आणि तिथेच, इतक्या लोकांत, फरशीवर गुडघे टेकले. त्यांच्याकडे आईवडिलांना तसाच नमस्कार करतात, कपाळ टेकवून. आपल्याकडे शेजारचा पोरगा वाकला तरी हात आपोआप त्याच्या डोक्यावर जातो. तुम्ही मागे सरकलात. एक पाऊल नव्हे, चांगले दोन-तीन. त्याचं कपाळ रिकाम्या फरशीला टेकलं. तुम्ही बॅग घेऊन आत गेलात.

परतीच्या बसमध्ये मी त्याच्याकडे बघू शकले नाही.

हॉस्पिटलजवळच्या आमच्या खोलीवर रुचाने विचारलं, बाबा नीट गेले का? थाविन बराच वेळ तिला काहीतरी समजावून सांगत होता. स्वतःच्या गुडघ्यांवर हात ठेवून दाखवत होता. रुचाचा चेहरा बदलला. मी विचारलं, काय म्हणतोय?

"ही सेज, बाबांचे गुडघे दुखतात वाटतं. उभं राहून तोल गेला त्यांचा, म्हणून मागे सरकले. तो म्हणतोय, चूक माझीच. पुढच्या वेळी ते बसलेले असताना पाया पडेन."

मागच्या हिवाळ्यात तुम्ही आपल्या घराबरोबर शेजारच्या गिरीशच्या घरापुढचाही बर्फ फावड्याने काढलात. तुमचे गुडघे कसे आहेत हे माझ्या मुलीला चांगलं माहीत आहे. तिने माझ्याकडे पाहिलं. मी डब्यातला भात वाढत राहिले. आम्ही दोघींनी त्याला काही सांगितलेलं नाही.

मी एप्रिलमध्ये येत नाही. रागाने नाही, आणि कायमची राहणार असंही म्हणत नाही. पण त्या घरात आपण दोघंच समोरासमोर बसलो की मला ती फरशी दिसत राहील.

मुलगी आता बाटलीने दूध पिते. थाविन रोज विचारतो, फादर परत कधी येणार? मी सांगते, येतील.

नीलांबरी